पोकेमॉनचा झेड-ए घ्यावा का? (एक्स-वायनंतर थांबलेल्या माणसाचा प्रश्न)

चहाबाज

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात मेव्हणा न्यू जर्सीहून येतोय. काय आणू म्हणून विचारलं, तर बायकोने तिची यादी दिली आणि शेवटी मी हळूच "स्विच २" (निन्टेंडोचा गेम कन्सोल) म्हणालो. तो हो म्हणाला, त्यामुळे आता माघार नाही. प्रश्न गेमचा आहे.

माझी पार्श्वभूमी अशी: कार्टून नेटवर्कवर हिंदीत पोकेमॉन बघत वाढलेली पिढी. चिप्सच्या पुड्यातले टॅझो जमवले. मामेभावाच्या कॉम्प्युटरवर पोकेमॉनचे फायररेड आणि एमरल्ड खेळलो. पुढे ऑफिसातल्या मित्राचा थ्रीडीएस (निन्टेंडोचाच हातात धरायचा जुना कन्सोल) उसना घेऊन एक्स संपवला. मग लग्न, कर्ज, बदली. सन-मून, सोर्ड-शील्ड, स्कार्लेट-व्हायलेट यांतलं काहीच खेळलेलो नाही, फक्त लोकांना त्यांच्या नावाने बोटं मोडताना पाहिलंय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेला 'पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए' एक्स-वायच्याच कॅलोसमध्ये, लुमिओस सिटीत घडतो असं कळल्यापासून हात शिवशिवतायत. पण परीक्षणं वाचली की डोकं गरगरतं. एक म्हणतो कित्येक वर्षांत असा झाला नाही, दुसरा म्हणतो इमारतींवर खिडक्या नुसत्या रंगवल्यात. लढाई आता आळीपाळीने होत नाही म्हणतात, ते खरं का? मला विचार करायला वेळ लागतो हो. आणि अख्खा गेम एकाच शहरात, मग कंटाळा येत नाही?

अगदी सुरुवातीपासून खेळत आलेलं कुणी असेल तर त्याचं मत हवंय. गोष्ट मात्र फोडू नका.

तिरकस

मेव्हण्याकडून फुकट मिळतंय आणि तुम्ही परीक्षणं वाचताय? घेऊन टाका. पुढच्या खेपेला तोच म्हणेल "भावजी, वजन जास्त होतंय".

झुबॅटग्रस्त

सुरुवातीपासून म्हणाल तर मी पात्र आहे. काकांनी मस्कतहून आणलेल्या गेम बॉय कलरवर यलो खेळलो, तेव्हा आमच्या नाशिकच्या वाड्यात त्या डबीचं काय करायचं हे माझ्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं. तेव्हापासून मुख्य गेम एकही सोडलेला नाही. सोडायला हवे होते असे दोन-तीन आहेत, पण तो वेगळा विषय.

निकाल आधी सांगतो. लढाई या मालिकेत आजवर झाली नव्हती इतकी चांगली आहे. पण वाट नाहीशी झालीय. या दोन्ही गोष्टी एकाच गेममध्ये आहेत आणि म्हणूनच लोक भांडतायत.

आधी लढाई. आठवतंय ना, एक्समध्ये दोन प्राणी समोरासमोर उभे राहायचे, तू मार, मग मी मारतो. इथे तसं नाही. झेडएल बटण दाबून धरलं की चार बटणांवर चार मूव्ह येतात. एक वापरला की तो पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. पीपी, म्हणजे मूव्ह किती वेळा वापरता येईल तो आकडा, हा प्रकारच संपला. आता त्यात अंतर आलंय, आणि खरी गंमत तिथे आहे. माझ्या टोटोडाइलला बाइट मारायचा तर आधी समोरच्यापर्यंत धावत जावं लागतं, तेवढ्यात लिटलिओचा एम्बर तोंडावर बसतो. वॉटर गन लांबून लागते, पण मध्ये खांब आला की पाणी खांबाला. मी एकदा मुद्दाम कोपऱ्याआड उभा राहिलो. टोटोडाइल माझ्यामागे आला, समोरच्याचा मूव्ह भिंतीवर फुटला, आणि त्याचं बटण भरायच्या आत आमचा बाइट बसला. इतकी वर्षं प्रोटेक्ट (समोरचा घाव अडवणारा) हा घाबरटांचा मूव्ह मानत आलो होतो. आता तो नेमक्या क्षणी दाबावा लागतो आणि जमला की खुर्चीत ताठ बसायला होतं. स्पीडचा अर्थही बदललाय. पहिला मारतो कोण एवढंच त्यातून ठरायचं, आता मूव्ह किती लवकर भरतो तेही ठरतं.

विचाराला वेळ लागतो म्हणालात. खरं सांगू, बोटांपेक्षा इथे डोकंच जास्त चालतं, कारण आगीला पाणी, पाण्याला गवत हा तक्ता जसाच्या तसा आहे. एक्स-वायमध्ये आलेला फेअरी प्रकार तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे त्यानंतर नवीन काही पाठ करायचं नाही. धावपळ लागते ती मेगा (लढाईपुरतं जास्त ताकदीचं रूप) होऊन बेभान झालेल्या पोकेमॉनशी लढताना. पहिला येतो अॅब्सॉल. तो तुमच्या पोकेमॉनला मारतो तसा तुम्हालाही मारतो. लोळण घेऊन चुकवायचं, त्याच्यातून उडणारे चमकते गोळे गोळा करायचे, आपलाही मेगा करायचा, पुन्हा पळायचं. ट्रेनर नावाच्या प्राण्यालाही अंग आहे असं वाटलं.

रात्री शहराचा एखादा भाग लाल होतो आणि झेड-ए रॉयल सुरू होतं. हुद्दा झेडपासून एपर्यंत चढत न्यायचा. लहानपणी आपण ट्रेनरची नजर चुकवून गवतातून पलीकडे जायचो, कारण पोकेमॉन अर्धमेले असायचे. इथे आपणच दबा धरून त्याच्या पाठीमागून जायचं आणि तो वळायच्या आत पहिला घाव घालायचा. सभ्यपणाच्या दृष्टीने वाईट, पण मजा फार येते.

गेलेल्या गोष्टीही सांगतो. अॅबिलिटी, म्हणजे पोकेमॉनचे अंगभूत गुण, नाहीत. गॅराडॉसने नुसतं समोर येऊन धाक घालायचा ते संपलं. अंडी उबवणं नाही. कुणाच्याही तोंडून आवाज निघत नाही, पात्रं मूकपटासारखी ओठ हलवतात. २०२५ साली हे जरा अतिच झालं.

आता वाट. इथे माझं इतरांशी जमत नाही. सगळे खिडक्यांवर घसरलेत. बाल्कन्या चित्रातल्या आहेत, जवळ गेलं की भिंत सपाट दिसते, मान्य. पण मी गेम बॉयवर चार छटांत झाडं पाहिलेली आहेत, मला त्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की इथून तिथे *जाणं* उरलं नाही.

फायररेडमधला माउंट मून आठवा. दर चार पावलांना झुबॅट, अँटिडोट संपलेलं, विष चढलेला पोकेमॉन आणि चालताना लुकलुकणारा पडदा. बाहेर पडून सेरुलियनचं पोकेमॉन सेंटर दिसलं की हुश्श व्हायचं. एमरल्डमधला रूट ११९ घ्या. पाऊस, सायकल चालणार नाही इतकं उंच गवत, आणि नदीत कुठेतरी फक्त सहा चौकोनांत सापडणारा फीबास. आम्ही वहीत चौकोन आखून गळ टाकत बसायचो. पोकेमॉन पकडणं म्हणजे माझ्या लेखी हे. तो कुठेतरी लांब असतो, तिथवर जावं लागतं आणि जाताना आपली दैना होते.

झेड-ए मध्ये रानटी पोकेमॉन शहरातच आहेत, पण हिरव्या प्रकाशाच्या भिंती घालून केलेल्या वाइल्ड झोनमध्ये. असे वीस झोन. पहिल्यात मॅरीप आणि पिजी निवांत फिरतायत. आत जा, चार बॉल फेका, लाल डोळ्यांचा अल्फा (नेहमीपेक्षा मोठा, दांडगा पोकेमॉन) मागे लागला की भिंतीबाहेर या, संपलं. नकाशावर बोट ठेवलं की थेट हव्या त्या जागी. पोकेमॉन सेंटर पावलोपावली. मग जपून वापरायचं काय आणि कशासाठी? झोन उघडला की मी दहा मिनिटांत त्यातलं सगळं पकडून मोकळा व्हायचो. चमकणारे शायनी (वेगळ्या रंगाचे दुर्मीळ पोकेमॉन) मात्र आवाज करतात आणि गायब न होता तिथेच थांबतात, ही सोय त्यांच्यामागे लागलेल्यांना आवडेल.

वाटेची थोडी चव गच्च्यांवर आहे. बांधकामाच्या परांचींवरून चढायचं, रोटोम फोनच्या जोरावर या छपरावरून त्या छपरावर तरंगत जायचं, वाटेत रंगीत स्क्रू गोळा करायचे. तिथे अंदाज चुकतो, खाली पडायला होतं, पुन्हा चढावं लागतं. शहर करणाऱ्यांनी जेवढा जीव या छपरांत ओतलाय तेवढा रस्त्यांत नाही. शंभराहून जास्त बाजूची कामं आहेत, त्यातली बरीच गमतीदार, पण ती संपवत असताना मी याच चौकातून परत परत जातोय हे डोक्यातून जात नाही. रात्र व्हायला हवी असेल तर बाकावर बसायचं, झाली रात्र.

मेगा उत्क्रांतीसाठी घ्या, हे मात्र नक्की. एक्स-वायमध्ये आली आणि २०१९ च्या सोर्ड-शील्डमध्ये मुख्य गेममधून गायब झाली. आता ड्रॅगोनाइट, व्हिक्ट्रीबेल, मॅलामार यांच्याही मेगा झाल्यात. मेगा स्टारमी चालताना एकदा बघाच. इतकी वर्षं तारा म्हणून तरंगणारा प्राणी खाली उतरून माणसासारखा दोन पायांवर चालायला लागतो, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बॉल फेकायचा राहिला. फक्त ग्रेनिंजाचा मेगा दगड सुरुवातीला ऑनलाइन चढाओढीतूनच मिळण्याची सोय केली होती, म्हणजे त्यासाठी वर्गणी भरा. आणि 'मेगा डायमेन्शन' हा पैसे देऊन घ्यायचा जादा भाग गेम बाजारात यायच्या आधीच जाहीर झाला. माझ्यासारख्याला हे खुपतं.

तुमच्यासाठी: घ्या. एक्सनंतर तुम्ही थेट इथे येताय, म्हणजे कॅलोसची ओळख ताजी आहे. एक्स-वायमध्ये याच लुमिओसमध्ये कॅमेरा असा फिरायचा की आपण कुठल्या रस्त्याला लागलो ते कळायचं नाही, आणि काही रस्त्यांवर सेव्ह केलं की फाइल अडकायची. ऑक्टोबर २०१३ मध्येच त्यावर अपडेट काढावा लागला होता. त्या शहरात पाच वर्षांनंतरचा काळ, आणि आपला तो तीन हजार वर्षांचा उंच राजा एझेड आता हॉटेल चालवतोय. बघून बरं वाटतं.

बोरिवलीकर

प्रतिसाद आवडला, पण वाटेचा मुद्दा पटला नाही. स्कार्लेट-व्हायलेटमध्ये वाटच वाट होती हो. अख्खं पाल्डेआ मोकळं. आणि काय झालं? डोंगरावरून खाली बघितलं की पवनचक्की स्लाइड शोसारखी फिरायची, माणसं जमिनीत रुतायची. डिसेंबर २०२२ च्या अपडेटच्या टिपणात त्यांना स्वतःच दिलगिरी व्यक्त करावी लागली. आणि त्यातली शहरं? दुकानाच्या दारापाशी गेलं की थेट यादी उघडायची, आत जाता यायचं नाही.

मला तर झेड-ए मधली कथा घरची वाटली. एक मोठी कंपनी शहराचा पुनर्विकास करतेय, रानटी पोकेमॉनसाठी गल्ल्या राखून ठेवतेय आणि तिथले लोक कुरकुर करतायत की आमचा रस्ता गेला. आमच्याकडे नॅशनल पार्कच्या भिंतीलगत इमारती आणि रात्री सोसायटीच्या आवारात बिबट्या. फरक इतकाच की बिबट्या अजून हिरव्या भिंतीत राहायला तयार झालेला नाही.

ओवीची आई

मी स्वतः खेळणाऱ्यातली नाही, पण घरात आठ वर्षांची खेळाडू आहे म्हणून लिहिते. पात्रं बोलत नाहीत याचा त्रास आम्हालाच सगळ्यात जास्त. इंग्रजी वाचायचा तिला अजून कंटाळा, आणि भाषांच्या यादीत हिंदीसुद्धा नाही, मराठीचं तर सोडाच. त्यामुळे रोज संध्याकाळी भाजी निवडताना मी संवाद वाचून मराठीत सांगते. एका पात्राला मी मालवणी हेल दिलाय, आता दुसऱ्या कुणी वाचलं तर तिला चालत नाही.

झुबॅटग्रस्त यांनी वाट नाही म्हटलंय, पण मुलांच्या दृष्टीने तेच बरं. ती हरवत नाही. आधी तिने भावाकडे दुसरा एक मोकळ्या मैदानाचा गेम खेळून पाहिला होता, तिथे "आई, आता कुठे जाऊ?" ऐकून माझा जीव जायचा. इथे नकाशावर बघते आणि जाते. बेभान मेगांशी लढताना मात्र कंट्रोलर माझ्या हातात येतो आणि मी हरते.

चहाबाज

सगळ्यांचे आभार, विशेषतः झुबॅटग्रस्त. फीबासची वही आमच्याकडेही होती! एक शंका. मेव्हण्याने स्विच २ आणला तर इथे चालेल ना? आणि गेमची जुन्या स्विचची कॅसेट आणायला सांगू की स्विच २ ची?

कुरिअरवाला

इथे अधिकृत विक्री नाही, त्यामुळे लोक बाहेरूनच आणतात, नाहीतर आयात करणाऱ्या दुकानातून चढ्या भावाने घेतात. वॉरंटीची अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेतला स्विच २ चालेल, चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे, फक्त पिन बदलणारा अॅडॉप्टर घ्या. कुणी जपानहून स्वस्तात आणतो म्हणालं तर मात्र सावध राहा. तिथल्या स्वस्त मॉडेलमध्ये फक्त जपानी भाषा आणि फक्त जपानी अकाउंट चालतं.

कॅसेटचं म्हणाल तर साधी ६० डॉलरला, स्विच २ ची ७० ला. साधी घेऊन नंतर १० डॉलर भरून बढती देता येते, हिशोब तोच. स्विच २ वर चित्र सेकंदाला ६० फ्रेमने हलतं, जुन्यावर ३०. भारतासाठी ऑनलाइन दुकान नाही, अमेरिकेचं अकाउंट उघडलं तर इथलं कार्ड बहुतेकदा घेत नाही, म्हणून मेव्हण्याला तिथल्या दुकानाचं गिफ्ट कार्डही आणायला सांगा. कॅसेटच घ्या, संपल्यावर विकता तरी येते.

झुबॅटग्रस्त

@बोरिवलीकर, स्कार्लेट-व्हायलेट धापा टाकत चालायचा, यात वाद नाही. पण धापा टाकणं हा वाटेचा दोष नाही, घाईचा आहे. स्विच २ आल्यावर जून २०२५ मध्ये त्याला फुकट अपडेट मिळाला आणि आता तोच गेम लोण्यासारखा चालतो, म्हणजे वाट आणि वेग एकत्र जमतात. माझं म्हणणं एवढंच की झेड-ए ची लढाई उचलून मोकळ्या मुलखात न्या. २०२२ च्या 'लेजेंड्स: आर्सियस' मध्ये मुलूख होता, तिथे लढाई बेताची. या दोघांचं लग्न कुणी लावत नाही. बिबट्याचं आवडलं.

@ओवीची आई, मुलांचं तुमचं बरोबर आहे, मी माझ्यापुरतं बोलत होतो. पण आठ वर्षांच्या मुलीला थोडं हरवू द्यावं असं मला अजूनही वाटतं. मेगांशी लढताना एक करून बघा: तुम्ही लोळण घेण्याचं बटण सांभाळा आणि मूव्ह तिला ओरडून सांगू दे. लक्ष दोघींचं वाटलं जातं.

@चहाबाज, पहिल्या पोकेमॉनसाठी चिकोरिटा, टेपिग आणि टोटोडाइल यांतून निवड आहे. तिघांनाही पुढे मेगा आहे. फेरॅलिगेटर मेगा झाला की पाणी-ड्रॅगन होतो, मेगॅनियम गवत-फेअरी. सुरुवातीला टोटोडाइल सोपा जातो. चिकोरिटा घेतलात तर पहिले काही तास सोसावं लागेल, हे १९९९ पासून असंच चालत आलंय.

चहाबाज

चिकोरिटाच. मेव्हण्याला स्विच २ ची कॅसेट आणि गिफ्ट कार्ड सांगितलंय. तो म्हणाला, "भावजी, हे तुमच्यासाठी की भाचीसाठी?" भाची अजून दीड वर्षाची आहे.

तिरकस

मग भाचीसाठीच सांगा. बायकोलाही तेच सांगा.